फरक तेवढाच पाठवा

फुलसावंगीतल्या एखाद्या सेवा केंद्राचा संगणक आणि त्यातल्या फोल्डरची यवतमाळच्या संगणकावर ठेवलेली प्रत, अशी जोडी समजा. दिवसभरात मोजक्याच फायली बदलतात. मोबाइलच्या नेटवर अख्खा फोल्डर रोज पाठवायचा, तर मध्येच रेंज जाते नाहीतर लाइन. बदललं तेवढंच पाठवावं म्हटलं, तर काय बदललं हे कळायला दोन्ही प्रती शेजारी हव्यात. आणि त्या तर दोन गावांत!

ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतल्या अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरस यांनी 1996 मध्ये यावर तोड काढली. तिचं नाव आरसिंक.

ज्या फायलीचा आकार आणि तारीख दोन्हीकडे सारखी, तिला आरसिंक सहसा हात लावत नाही. खरी गंमत बदललेल्या फायलीची. दोन गावांतल्या खतावण्या फोनवर ताडायच्या, तर आपण पानापानाची बेरीज सांगू. यवतमाळचा संगणक तेच करतो. जुन्या फायलीचे तुकडे पाडून प्रत्येकाची बेरीज कळवतो. मूळ पद्धतीत तुकड्यामागे जेमतेम 20 बाइट. पण पहिल्याच पानावर एक ओळ घुसली, की पुढची सगळी पानं सरकतात आणि एकही बेरीज जुळत नाही. म्हणून फुलसावंगीचा संगणक पानांच्या हद्दी मानतच नाही. तुकड्याएवढी चौकट एकेका बाइटने पुढे सरकवत तो जुळणी शोधतो. दर वेळी बेरीज नव्याने करत नाही. मागे सुटलेल्या बाइटचा हिशेब वजा, पुढे आलेल्याचा जमा. ही 32 बिटांची स्वस्त बेरीज योगायोगानेही जुळू शकते, म्हणून जुळल्यावर 128 बिटांचा कडक पडताळा होतो. जुळलेल्या तुकड्याचा फक्त क्रमांक जातो, उरलेला मजकूर तेवढा खरोखर पाठवला जातो. झिप फायलीत मात्र थोडा बदलही पुढचं बरंच काही उलटंपालटं करतो. तिथे बचत फारशी नाही.

वापरायला एक ओळ पुरते: आरसिंक, पर्याय, कुठून, कुठे. उगमाच्या फोल्डरपुढे तिरकी रेघ दिली तर आतला ऐवज जातो, न दिल्यास फोल्डरसकट. बटणांच्या सवयीचे लोक इथेच अडखळतात.

'डिलीट' पर्याय तर फारच आज्ञाधारक. इकडे चुकून पुसलेली फाइल तो तिकडेही पुसतो. त्यामुळे जुळवलेल्या प्रतीला बॅकअप समजू नका. नवी आज्ञा देण्याआधी 'ड्राय-रन' लावून, म्हणजे काहीही न बदलता, काय होणार त्याची यादी वाचा, आणि एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा.