गाडी उंच करताय? थांबा जरा!

जुलै महिन्यातला पांदण रस्ता तुम्ही बघितलाच असेल. ट्रॅक्टरनं पाडलेल्या दोन खोल चाकोऱ्या, मधे उंचवटा आणि खाली आपली काळी माती, पाय रुतला की चप्पल तिथंच सोडून यावं लागतं अशी. अशा जागी फोर बाय फोर अडकली की बघणारे लगेच निकाल देतात, ‘इंजिनात दमच नाही राजा!’ दम असतो हो. नीट बघा, एक चाक हवेत गरगर फिरतंय आणि त्याच्या जोडीचं, ज्याच्यावर गाडीचं वजन आहे ते, ढिम्म उभं आहे. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो. हवेतल्या चाकाला फिरायला जोर लागतच नाही, मग जोडीदारालाही तेवढाच मिळतो, म्हणजे जवळपास काहीच नाही. चाक जमिनीला टेकवून ठेवणं हे काम इंजिनाचं नाही, स्प्रिंगचं आहे.

आपल्याकडची जुनी सोय म्हणजे पाटे. एसटीला पाटे, ट्रकला पाटे, जंगल सफारीत जिचं नावच सामान्य नाम झालं त्या जिप्सीलाही चारी बाजूंनी पाटे. पाट्यांची गंमत अशी की ते वजनही पेलतात आणि ॲक्सलला जागेवर धरूनही ठेवतात. स्वस्त, दणकट, तुटला तर तालुक्याच्या गॅरेजात बदलून मिळतो. पण पट्ट्या एकमेकींवर घासतात. बारीक खड्ड्याला त्या हलतच नाहीत, आणि तो धक्का थेट तुमच्या कमरेत येतो.

कॉइल स्प्रिंगमध्ये हे घासणं नाही, त्यामुळे ती लगेच दबते आणि लगेच खुलते. मात्र तिला फक्त वर-खाली कळतं. ॲक्सलनं पुढं-मागं, आडवं सरकू नये म्हणून वेगळे दांडे लावावे लागतात. खर्च वाढतो तो इथं. १९७० साली इंग्लंडच्या रेंज रोव्हरनं चारही चाकांना कॉइल लावून दाखवल्या. आपल्याकडं महिंद्रानं १९४७ मध्ये मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली, पण त्या घराण्यातल्या गाड्यांच्या मागं पाटे राहिले ते राहिलेच. २०१० च्या थारलाही मागं पाटेच होते. २ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली तेव्हा मागच्या अखंड ॲक्सलवर कॉइल दिसल्या. ही थार बनते आपल्या नाशकात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची २०२१ ची गुरखाही चारही बाजूंनी कॉइलवाली.

आता तुमच्या रील्सकडं येऊ. गाडी दोन इंच उंच, जाड टायर, खाली गाणं. हे करायचे दोन स्वस्त मार्ग गॅरेजवाला सांगतो. पहिला, जाड तारेची कडक स्प्रिंग. मेकॅनिकलला असाल तर सूत्र आठवा: कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. तार १० टक्के जाड केली की स्प्रिंग सुमारे ४६ टक्के कडक! शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकीत असा नाहीतर आणखी कुठं, हे गणित परीक्षेपुरतं पाठ करण्यासारखं नाही. कडक स्प्रिंग दबत नाही. एक चाक उंचवट्यावर चढलं की अख्खी गाडी कलते आणि पलीकडचं चाक हवेत जातं. पांदणीत अडकलेली ती गाडी आठवली?

दुसरा मार्ग स्पेसर, म्हणजे स्प्रिंगखाली वा वर ठोकळा. मागच्या ॲक्सलवर दोन इंचाचा ठोकळा टाकला तर गाडी उभी असतानाच शॉकॲब्सॉर्बर साधारण तेवढाच जास्त ताणलेला राहतो. त्याची एकूण लांबी काही वाढली नाही. म्हणजे खड्ड्यात खाली जायला चाकाकडं आधी होती त्यापेक्षा दोन इंच कमी जागा उरली. दिसायला उंच, चालायला लंगडी! वर गुरुत्वमध्य चढतो तो वेगळाच. मलकापूरहून येताना राजूर घाटातली वळणं घेताना ते लक्षात येईलच, फक्त तेव्हा उशीर झालेला असू शकतो. आणि कंपनीनं दिलेल्या रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या कचाट्यात सापडू शकतो, हेही घरच्यांना आधी सांगा.

कॉइल म्हणजे सगळं भारी, असंही नाही. कापसाच्या गाठी किंवा सोयाबीनची पोती रोज वाहायची असतील तर पिकअपचे पाटेच बरे. आरामापेक्षा वजन महत्त्वाचं असतं तिथं पाट्यांना अजून तोड नाही.

हे सगळं हातानं शिकायचं तर इंदूरजवळच्या पिथमपूरला २००७ पासून सुरू झालेली बाहा एसएईइंडिया स्पर्धा बघा. विद्यार्थी स्वतः एका माणसाची ऑफ-रोड गाडी बांधतात. पेट्रोल गटात इंजिन सगळ्यांना सारखंच, त्यामुळे चाक जमिनीला कोण चिकटवून ठेवतं यावर बराच खेळ असतो.

आणि जुनी थार किंवा गुरखा बघायला निघालाच असाल तर खिशात टेप ठेवा. सपाट जागी रिकामी गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वरच्या मडगार्डच्या काठापर्यंतचं अंतर मोजा. डाव्या-उजव्यात बोटभर फरक आला तर एक स्प्रिंग बसलेली तरी आहे, नाहीतर कुणीतरी तिथं आधीच हात घातलेला आहे. मग खाली वाकून ठोकळा आहे का बघा. भाव त्यानंतर बोला.