जड अक्षरें, हलकीं अक्षरें

कुराणाच्या भाषेंत ‘क़ल्ब’ म्हणजे हृदय. पण जिभेचें मूळ पडजिभेस न भिडवितां साधा ‘कल्ब’ म्हटला, कीं हृदयाचा कुत्रा झाला! तज्वीदशास्त्र उच्चारास जपतें तें यासाठींच. ख़े, स्वाद, ज़्वाद, ग़ैन, तोय, क़ाफ व ज़ोय हीं सात अक्षरें सदैव जड. त्यांत जिभेचा मागील भाग टाळूकडे चढतो व नाद भरदार होतो. नवशिके ओठ गोल करून जडपणा आणूं पाहतात, तें व्यर्थ. ‘रे’ मात्र स्वराप्रमाणें पालटतें: अकार-उकारासह जड, इकारासह हलकें. ‘अल्लाह’मधील लकारही तसाच; ‘बिस्मिल्लाह’मध्यें तो इकारामागून येतो, म्हणून हलका. आपणही ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे पाण्याचें भांडें, हीं एकाच जकारानें लिहून निराळीं उच्चारतोंच कीं!