डोळ्यांचा आजार आहे, मग ड्रायव्हिंग लायसन्स रिन्यू होणार का? अर्ज भरण्याआधी हे नक्की वाचा

जामखेड : लायसन्सवरची तारीख संपत आली आहे, वय पन्नाशीच्या पुढे गेलं आहे आणि त्यातच डॉक्टरांनी मोतीबिंदू किंवा काचबिंदू असल्याचं सांगितलं आहे. अशा वेळी मनात पहिला प्रश्न येतो, ‘आता आरटीओ लायसन्स देणार का?’

जामखेड तालुक्यात हा प्रश्न छोटा नाही. एमएच-16 चं आरटीओ कार्यालय अहिल्यानगरला, म्हणजे सुमारे 75 किलोमीटरवर. डेअरी, बाजार समिती, दवाखाना, मुलांची शाळा अशी वाडीवस्तीवरची निम्मी कामं दुचाकीवरच होतात. जीप किंवा टेम्पो चालवणाऱ्यांचं तर पोटच लायसन्सवर असतं. त्यामुळे आजार लपवायचा किंवा सगळे कागद एजंटाच्या हातात देऊन मोकळं व्हायचं, असा मोह होतो. प्रत्यक्षात डोळ्यांचा आजार असला म्हणून लायसन्स जातंच असं नाही. कायदा काय विचारतो, ते आधी समजून घेऊ.

मेडिकल सर्टिफिकेट कोणाला लागतं?

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 15 नुसार, वयाची 40 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला रिन्यूअलच्या अर्जासोबत डॉक्टरांचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. यालाच ‘फॉर्म 1ए’ म्हणतात. टॅक्सी, ट्रक, टेम्पो अशा व्यावसायिक वाहनांचं लायसन्स असेल, तर वय कितीही असो, हे सर्टिफिकेट लागतंच.

‘फॉर्म 1’ हा वेगळा कागद आहे. त्यात अर्जदार स्वतःच्या तब्येतीची माहिती देतो आणि खाली स्वतः सही करतो.

फॉर्ममध्ये डोळ्यांबद्दल काय विचारतात?

मुख्य प्रश्न असे :

- चांगल्या उजेडात 25 मीटरवरून गाडीची नंबर प्लेट ओळखता येते का? चष्मा असेल तर तो लावून चालतो.
- रातांधळेपणा आहे का?
- रंग ओळखण्यात अडचण आहे का?
- गाडी चालवताना लोकांना धोका होईल असा दुसरा काही आजार आहे का?

म्हणजे चष्म्याचा नंबर किती, याला फारसं महत्त्व नाही. चष्मा लावून स्वच्छ दिसतं का, हे महत्त्वाचं. 25 मीटर म्हणजे साधारण 82 फूट. ही तपासणी घरीही करता येते. दारासमोर उभ्या गाडीपासून तेवढं अंतर मोजा आणि एकेक डोळा झाकून नंबर वाचा. एका डोळ्याने अडखळायला झालं, तर आरटीओच्या आधी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

मोतीबिंदू असेल तर?

मोतीबिंदूत डोळ्यातली नैसर्गिक भिंग गढूळ होते. समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फाकल्यासारखे दिसतात आणि रात्री गाडी चालवणं अवघड होतं. ऊस हंगामात रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली पुढे असेल, तर ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

मात्र मोतीबिंदूवर ऑपरेशन आहे आणि त्यानंतर बहुतेकांची नजर सुधारते. इथे कायद्यातली एक सोय उपयोगी पडते. लायसन्स संपण्याच्या एक वर्ष आधीपासून रिन्यूअलचा अर्ज करता येतो. त्यामुळे घाईत सर्टिफिकेट घेण्यापेक्षा आधी ऑपरेशन, मग काही आठवड्यांनी डॉक्टर देतील तो नवा चष्मा आणि त्यानंतर फॉर्म 1ए, असा क्रम ठेवता येतो. डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत गाडी चालवू नका.

काचबिंदू असेल तर?

नावं सारखी असली, तरी हा आजार पूर्ण वेगळा आहे. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नस हळूहळू खराब होते. बहुतेकांना सुरुवातीला दुखत नाही, समोरचंही नीट दिसतं. कमी होत जाते ती बाजूची नजर. गेलेली नजर परत येत नाही. नियमित थेंब, औषधं किंवा शस्त्रक्रियेने उरलेली नजर टिकवता येते.

खरी अडचण इथेच आहे. नंबर प्लेटची चाचणी समोरची नजर तपासते. काचबिंदूचा रुग्ण ती आरामात पास होऊ शकतो, पण शेताच्या वाटेने अचानक रस्त्यावर आलेली दुचाकी त्याला दिसेलच असं नाही. ब्रिटनमध्ये दोन्ही डोळ्यांना काचबिंदू असल्यास चालकाने लायसन्स विभागाला कळवावंच लागतं आणि नजरेचा पसारा आडवा किमान 120 अंश असावा लागतो. आपल्या फॉर्ममध्ये असा आकडा नाही. म्हणून काचबिंदू असणाऱ्यांनी स्वतःहून डॉक्टरांना ‘फिल्ड टेस्ट’ करायला सांगावं आणि गाडी चालवणं सुरक्षित आहे का, हे स्पष्ट विचारावं.

मधुमेह आहे, मग?

मधुमेहामुळे डोळ्याच्या पडद्यावर परिणाम होऊ शकतो. तो सुरुवातीला लक्षात येत नाही, त्यामुळे दरवर्षी पडद्याची तपासणी करणं चांगलं. या तपासणीसाठी थेंब टाकून बाहुली मोठी करतात आणि नंतर काही तास धूसर दिसतं. त्या दिवशी गाडी चालवायला सोबत कोणीतरी असू द्या.

रंग ओळखता येत नाहीत किंवा एकाच डोळ्याने दिसतं

पूर्वी लाल-हिरव्या रंगात गल्लत होत असेल, तर लायसन्स मिळायला अडचण यायची. केंद्र सरकारने 24 जून 2020 च्या अधिसूचनेने नियम बदलला. सौम्य ते मध्यम रंगांधळेपणा असलेल्यांना आता लायसन्स मिळू शकतं. तीव्र किंवा पूर्ण रंगांधळेपणा असेल, तर मात्र नाही.

किमान पाच वर्षं लायसन्स असताना त्यानंतर एका डोळ्याची नजर गेली, तर अशा व्यक्तीसाठीही फॉर्म 1 मध्ये वाट ठेवली आहे. ती हलक्या, खासगी वाहनासाठी आहे आणि वाहनाला स्टिअरिंगच्या बाजूला बाहेरचा आरसा असायला हवा.

अर्ज कसा करायचा?

परिवहन विभागाच्या ‘सारथी’ पोर्टलवर महाराष्ट्र निवडून डीएल रिन्यूअलचा पर्याय घ्यावा. ड्रायव्हिंग टेस्टची गरज नसलेलं रिन्यूअल आधार पडताळणीने ऑनलाइन करता येतं. फॉर्म 1ए मात्र अधिकृत डॉक्टरांनी प्रत्यक्ष तपासूनच द्यायचा असतो. जाताना चष्मा, जुने रिपोर्ट आणि ऑपरेशनचे कागद सोबत ठेवा.

रिन्यू झालेलं लायसन्स किती काळ चालेल, हे वयावर ठरतं :

- वय 30 ते 50 : 10 वर्षं
- वय 50 ते 55 : वयाच्या साठीपर्यंत
- वय 55 च्या पुढे : 5 वर्षं
- व्यावसायिक वाहन : साधारणपणे 5 वर्षं

उशीर झाला तर?

पूर्वी मुदत संपल्यावर 30 दिवस लायसन्स चालायचं. 2019 च्या दुरुस्तीत ही सवलत गेली. मुदत संपल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करता येतो, पण तोपर्यंत गाडी चालवता येत नाही. वर्ष उलटलं, तर पुन्हा ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागते. वैध लायसन्सशिवाय गाडी चालवल्यास कलम 181 नुसार 5,000 रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

आजार लपवला तर?

एजंटाने न तपासता सर्टिफिकेट आणून दिलं, तरी फॉर्म 1 वरची सही तुमचीच असते. गाडी चालवण्यास शारीरिकदृष्ट्या अयोग्य असल्याचं माहीत असूनही ती चालवली, तर कलम 186 नुसार पहिल्या वेळी 1,000 आणि पुढे 2,000 रुपयांपर्यंत दंड आहे. आजारामुळे चालक धोकादायक ठरतो असं मानायला कारण असेल, तर कलम 16 नुसार आरटीओ लायसन्स मध्येच रद्द करू शकतं.

अर्ज नाकारला तर?

आरटीओने कारण लेखी द्यायला हवं. कलम 17 नुसार आदेश मिळाल्यापासून 30 दिवसांत अपील करता येतं. तोंडी ‘होणार नाही’ ऐकून परत फिरू नका, लेखी आदेश मागा. अपिलासोबत डोळ्यांच्या तज्ज्ञांचा ताजा रिपोर्ट जोडला, तर बाजू भक्कम होते.

आणि डॉक्टरांनीच ‘आता गाडी नको’ असं सांगितलं, तर चावी घरातल्या दुसऱ्या कोणाकडे द्यावी. हा निर्णय जड जातो, विशेषतः ज्याच्या गाडीवर घर चालतं त्याला. म्हणूनच लायसन्सवरची तारीख आजच बघा. वर्षभर हाताशी असेल, तर उपचारालाही वेळ मिळतो आणि घराची दुसरी सोय लावायलाही.