साधं पेट्रोल की प्रीमियम? आधी गाडीला विचारा!

शेतकरी बंधूंनो, पहाटे साडेतीनला टोमॅटोचे क्रेट भरून आपला छोटा पिकअप मार्केट यार्डाकडे निघतो. वाटेत पंपावर थांबलात की नळी हातात घेतलेला पोरगा विचारतो, "दादा, साधं टाकू का प्रीमियम?" डोळ्यांवर झोप असते. "टाक चांगलं," म्हणून आपण मोकळे होतो. महाग ते चांगलं, हा आपला जुना समज. बियाण्यात आणि औषधात या समजापायी किती पैसे गेले, हे ज्याचं त्याला ठाऊक. पेट्रोलचंही तसंच आहे.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

प्रीमियमवर ९५, १०० असे आकडे असतात. हा आकडा ऑक्टेनचा. इंजिनात पेट्रोल आणि हवा दाबली जाते, मग प्लगची ठिणगी पडून ती पेटते. दाब आणि उष्णता जास्त झाली तर मिश्रण आपोआप, भलत्या वेळी पेटतं आणि इंजिन टकटक वाजतं. मेकॅनिक त्याला 'नॉकिंग' म्हणतो. असं आपोआप पेटणं पेट्रोल किती सोसतं, ते ऑक्टेन सांगतो. ताकद किंवा ॲव्हरेज सांगत नाही.

माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं असताना पुन्हा पालाशचं पोतं टाकलं तर उतारा वाढतो का? नाही. इंजिनला ९१ ऑक्टेन पुरत असेल तर १०० टाकून ते जास्त ओझं ओढत नाही. जास्त दाबाच्या किंवा टर्बो इंजिनांपैकी काहींना मात्र ९५ लागतं. तसं असेल तर गाडीच्या पुस्तकात किंवा टाकीच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. तिथे ९५ असेल तर काटकसर करू नका.

इथेनॉलचं काय?

आपल्याच उसापासून आणि मक्यापासून बनलेलं इथेनॉल आता साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन शंभराच्या वर असतो. त्यामुळे या पेट्रोलचा ऑक्टेन ९५ च्या आसपास जातो, असं पेट्रोलियम मंत्रालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं. मग नुसत्या ९५ च्या आकड्यासाठी जादा पैसे कशाला मोजायचे?

इथेनॉलमध्ये उष्णता मात्र पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं घटतं. १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकीला ही घट ६ ते ७ टक्के येऊ शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात आहे. प्रीमियम म्हटलं म्हणजे त्यात इथेनॉल नाही, असं समजू नका.

हिशेब मांडा

समजा, साधं पेट्रोल १०५ रुपये आणि प्रीमियम ११३. गाडी लिटरला १५ किलोमीटर देते आणि रोज ६० किलोमीटर धावते. रोजचे ४ लिटर, म्हणजे ३२ रुपये जादा. वर्षात ३०० दिवस गाडी चालली तर ९,६०० रुपये! हे पैसे वसूल व्हायचे तर ॲव्हरेज १६ च्या पुढे जायला हवं. गेलं का, ते स्वतःच पाहा. टाकी काठोकाठ भरा, किलोमीटर लिहून ठेवा, त्याच रस्त्यावर तेवढंच ओझं घेऊन गाडी चालवा आणि पुन्हा टाकी भरून लिटर मोजा. असं साध्यावर तीन वेळा आणि प्रीमियमवर तीन वेळा करा. कुणाच्या सांगण्यापेक्षा आपली वही खरी.

प्रीमियममध्ये इंजिन साफ ठेवणारी द्रव्यं जास्त असतात, हे खरं. पण धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला आधी एअर फिल्टर साफ हवा. टायरमध्ये हवा बरोबर हवी, प्लग आणि ऑइल वेळेवर बदलायला हवं. घाटात भरल्या गाडीचं इंजिन वाजत असेल तर आधी मेकॅनिकला दाखवा. टायमिंग, कार्बन, रेडिएटर तपासून घ्या. तरीही आवाज राहिला, तर जास्त ऑक्टेनचं पेट्रोल टाकून पाहायला हरकत नाही.

पावसाळ्यात टाकीचं झाकण घट्ट ठेवा. पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं आणि दोन्ही तळाशी बसतात. मग गाडी बंद पडते. जुन्या गाडीचे रबरी पाइप आणि सीलही पाहून घ्या. मापाची शंका आली तर पंपावर ५ लिटरच्या शिक्कामोर्तब झालेल्या मापात मोजून मागा. तो आपला हक्कच आहे.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक सांगणं. ग्रामपंचायतीची घंटागाडी पेट्रोलवर असेल तर लॉगबुकात लिटर आणि किलोमीटर यांच्यासोबत पेट्रोल साधं की प्रीमियम, तेही लिहा. हा पैसा गावाचा आहे. ग्रामसभेत कुणी विचारलं, तर उत्तर वहीत असू द्या.

आणि आपला पिकअप डिझेलवर असेल तर ऑक्टेनचा हा हिशेब त्याला लागू नाही. पेट्रोलवाल्यांनी मात्र आज घरी गेल्यावर टाकीचं झाकण उघडून आकडा वाचावा. उद्या पहाटे पोरगा विचारील, तेव्हा उत्तर तयार असेल.