‘का केलंस?’ न विचारणारा डॉक्टर

कॅलिफोर्नियातल्या व्हेंचुरा इथे गुन्ह्यांत सापडलेल्या मुलींसाठी सरकारी सुधारगृह होतं. १९५६ मध्ये विल्यम ग्लासर हे तरुण मानसोपचारतज्ज्ञ तिथे काम करू लागले. अशा मुलींकडे कारणांची वानवा नसते: मोडलेलं घर, मारणारा बाप, वाईट संगत. ग्लासरना ती खोटी वाटत नव्हती. पण ‘का केलंस?’ विचारलं की मुलगी कारण पुढे करते आणि गाडी तिथेच अडते, हे त्यांना दिसत होतं. त्यामुळे ते वेगळं विचारत: आज तू काय करते आहेस, आणि त्यातून तुला हवं ते मिळतंय का?

अमेरिकेत तेव्हा फ्रॉइडच्या मनोविश्लेषणाचा दबदबा होता. रोग्याचं बालपण उकरत वर्षानुवर्षं उपचार चालत. आधी केमिकल इंजिनिअर झालेल्या ग्लासरना ते पटेना. लॉस एंजेलिसच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात शिकताना जी. एल. हॅरिंग्टन हे वरिष्ठ डॉक्टर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९६५ मध्ये ‘रिअ‍ॅलिटी थेरपी’ हे ग्लासर यांचं पुस्तक आलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आपल्याकडे बऱ्याच वाचकांच्या परिचयाचे आहेत. त्यांच्याच काळातले ग्लासर मात्र मराठीत फारसे चर्चेत आले नाहीत, याची मला हळहळ वाटते.

ग्लासर यांची ही रिअ‍ॅलिटी थेरपी प्रत्यक्षात कशी चालते? समजा, एक गृहस्थ म्हणतात, मुलगा माझ्याशी बोलतच नाही.

“तुम्हाला काय हवंय?”

“त्यानं मोकळेपणानं बोलावं.”

“काल तो घरी आल्यावर तुम्ही काय केलंत?”

“मार्क विचारले. मग आवाज चढला.”

“त्यानं तो बोलायला लागला?”

सगळा उपचार या शेवटच्या प्रश्नात आहे. उत्तर गृहस्थांनीच द्यायचं. समुपदेशकानं निकाल द्यायचा नाही. मग योजना ठरते. ‘यापुढे नीट वागेन’ ही योजना नव्हे. ‘उद्या जेवताना मार्कांचा विषय काढणार नाही, नंतर त्याच्याबरोबर कॅरमचा एक डाव खेळेन’ ही योजना. ही पद्धत शिकवणारे रॉबर्ट वुबोल्डिंग यांनी पुढे याच चार टप्प्यांची घडी बसवली: काय हवंय, काय करतोय, उपयोग होतोय का, आता काय करणार.

वागणुकीला ग्लासर मोटारीची उपमा देत. कृती आणि विचार ही पुढची चाकं, भावना आणि शरीराच्या प्रतिक्रिया ही मागची. स्टिअरिंग पुढच्या चाकांनाच असतं.

जबाबदारी म्हणजे दुसऱ्याच्या गरजांच्या आड न येता आपल्या गरजा भागवता येणं, अशी त्यांची व्याख्या होती. म्हणूनच ‘तुझं तूच बघ’ असं सुनावणाऱ्यांनी त्यांचं नाव घेऊ नये. आधी माणसाशी नातं जुळलं पाहिजे, हा त्यांचा पहिला आग्रह. नातं नसताना जबाबदारीची भाषा म्हणजे निव्वळ झाडाझडती.

एका बाबतीत मात्र ग्लासर मला मान्य नाहीत. मेंदूत बिघाड सापडत नसेल तर मानसिक त्रासाला आजार म्हणू नये असं ते मांडत, आणि मानसोपचारातल्या औषधांना त्यांचा विरोध होता. स्किझोफ्रेनियाच्या किंवा तीव्र नैराश्याच्या रुग्णाला हे ऐकवणं धोक्याचं आहे. डॉक्टरांनी दिलेली गोळी चालू ठेवूनही हे प्रश्न विचारता येतात.

योजना फसली तर? ग्लासर यांच्या पद्धतीत सबब चालत नाही, पण शिक्षाही नाही. कॅरमचा डाव झाला नसेल, तर समुपदेशक एवढंच विचारतो: पुढचा कधी?