नववीचे वर्ष आणि शाळेचा बँड



जून उजाडला की आपल्या घरात दोन गोष्टींची एकदम धांदल उडते. एक बियाण्याची, दुसरी वह्या-पुस्तकांची. त्यातच नववीत गेलेले पोर येऊन सांगते, "बाबा, शाळेच्या बँडात माझं नाव घेतलंय." आपण म्हणतो, "वाजवून का पोट भरतं? आणि लावणीला कोण येणार?" या प्रश्नावरच आज चार शब्द बोलू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर ही गावे आता एकमेकांना येऊन भिडली आहेत. उल्हासनगर ही मुळात दुसऱ्या महायुद्धातली लष्कराची छावणी. फाळणीनंतर तेथे सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली त्या वसाहतीला उल्हास नदीवरून नाव मिळाले. अंबरनाथ म्हणजे शके ९८२ चे शिवमंदिर आणि आयुध निर्माणी. बदलापूरच्या पलीकडे, वांगणीकडे आणि बारवी धरणाच्या बाजूला अजून भाताची खाचरे आहेत. तिकडची मुले शिकायला शहरात येतात. म्हणून इथल्या शाळेच्या बँडात सिंधी दुकानदाराचा मुलगा, कामगाराची मुलगी आणि आपल्या आगरी, कुणबी, ठाकर घरातले पोर एका रांगेत उभे असते.

जून-जुलै : पहिले धडे

नव्या मुलाच्या गळ्यात लगेच ढोल येत नाही. आधी नुसती कवायत, मग बाकावर किंवा फळीवर काठ्यांचा सराव. एक उजवा, एक डावा. ते जमले की दोन उजवे, दोन डावे. लष्करी कवायतीत 'तेज चल' म्हणजे मिनिटाला १२० पावले आणि पाऊल ३० इंची. मोठ्या ढोलाचा ठोका डाव्या पायावर पडतो. तो चुकला की सारी रांग चुकते. बिगुलाला बोटे ठेवायला भोकेही नसतात आणि कळाही नसतात. ओठ आणि श्वास यांवरच मोजके सूर काढायचे असतात.

खरी अडचण इथेच आहे. १५ ऑगस्टचा सराव जुलैत रंगात येतो आणि आपली लावणीही त्याच दिवसांत. माझ्या पाहण्यातल्या एका घरी असेच झाले. मुलगी छोटा ढोल छान वाजवू लागली होती. आवणात माणसे कमी पडली, ती आठवडाभर राब्यावर रोपे काढत राहिली आणि शाळेत तिची जागा दुसऱ्याला मिळाली. १५ ऑगस्टला ती प्रेक्षकांत उभी होती. बापाला ते लागले. पण शेत ओसाड ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे.

त्याने पुढच्या साली काय केले ते ध्यानात घ्या. सगळे बी एकाच दिवशी न पेरता निम्मे रोप आठ-दहा दिवसांनी टाकले. हळव्या भाताचे रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावावे लागते. त्यामुळे लावणी दोन हप्त्यांत विभागली. शेजाऱ्याशी इर्जिकीचा वायदा आधीच ठरवला आणि मुलीला फक्त रविवारी शेतात घेतले. मुलीचा सराव बुडाला नाही आणि रोपही वयस्क झाले नाही. लावणीच नको असेल, तर नेरळच्या सगुणा बागेत विकसित झालेली एसआरटी पद्धत पाहून यावी. तीत गादीवाफ्यावर भात टोकतात. चिखलणी आणि लावणी दोन्ही वाचतात.

ऑगस्ट ते दिवाळी : पहिली परीक्षा

१५ ऑगस्टला बहुधा पाऊस असतोच. कातड्याचा ढोल दमट हवेत ढिला पडतो, म्हणून आता पुष्कळ ढोलांना प्लॅस्टिकचा पडदा असतो. घरी ढोल आणला तर चुलीजवळ ठेवू नका, कोरड्या फडक्याने पुसा. पोराला पहाटे उपाशी पाठवू नका. नाचणीची भाकर आणि गूळ पुरे. पुढे सहामाही परीक्षा येते. हळव्याची कापणी दिवाळीच्या सुट्टीच्या आसपास येते, तेव्हा मुले मदतीला मोकळी असतात. तिथे हक्काने हाक मारा.

नोव्हेंबर ते जानेवारी : रंगाचे दिवस

थंडीत मैदान कोरडे होते आणि सराव मनासारखा होतो. स्नेहसंमेलन, क्रीडा महोत्सव आणि मग २६ जानेवारी. बँडाबरोबर लेझीमही असते. या आपल्या लेझमीला कमी लेखू नका. १९८२ साली दिल्लीच्या आशियाई खेळांच्या उद्घाटनात सांगलीकडच्या चारशे जणांनी ती खेळून दाखवली होती. आपल्या पोरांना ताल शिकवावा लागत नाही. गौरीच्या नाचात आणि लग्नाच्या वरातीत तो त्यांच्या पायात आधीच भिनलेला असतो. शाळा फक्त त्याला रांग देते.

फेब्रुवारी ते मे : निरोप

महाशिवरात्रीला अंबरनाथची जत्रा भरते, गुढीपाडव्याला स्वागतयात्रा निघतात. डोंबिवलीत १९९९ साली सुरू झालेली ही रीत आता इकडेही रुजली आहे. पण या दिवसांत वार्षिक परीक्षा जवळ असते. तेव्हा प्रत्येक मिरवणुकीला पोराने जावेच असे नाही. गुरुजींशी बोलून ठरवावे. शेवटी १ मेचे झेंडावंदन. दहावीचे वर्ष समोर असल्याने बऱ्याच जणांचे ढोल तिथेच उतरतात आणि खालच्या वर्गाच्या गळ्यात जातात.

बँडाने नोकरी लागेल असे मी सांगणार नाही. पण रांगेत एकाने घाई केली तर सगळ्यांचे बिघडते, हे ज्या मुलाला चौदाव्या वर्षी कळले, त्याला पुढे पाणीवाटप, सोसायटी आणि भावकी सांभाळणे जड जात नाही.

तेव्हा यंदा बी भिजवण्याआधी एकदा शाळेत जाऊन या. सरावाचे दिवस कोणते ते विचारा, आपले लावणीचे दिवस सांगा. शाळेलाही हे ठाऊक नसते, सांगितले तर वेळ पुढे-मागे करता येते. भात तर घरी यायलाच हवे. पण नववीचे वर्षही पोराच्या आयुष्यात एकदाच येते.