मावळ्याची मिशी वाकडीच राहू दे!

दिवाळीची रजा मंजूर झाली, बॅगा भरल्या, गाडी मुंबई-आग्रा हायवेला लागली की मागच्या सीटवरून हमखास आवाज येतो, 'बाबा, मोबाइल दे ना!' यंदा त्याला एक झकास उत्तर आहे. दोन बारीक ब्रश, अ‍ॅक्रिलिक रंगांच्या पाच-सहा डब्या आणि मूठभर मातीचे मावळे. बस्स!

परदेशात हा छंद भलताच जोरात आहे. इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने १९८३ मध्ये 'वॉरहॅमर' हा खेळ आणला. त्यातले बोटाच्या पेराएवढे योद्धे, राक्षस आणि ड्रॅगन विकत आणून घरी रंगवायचे, हीच त्यातली अर्धी मजा. ती किट्स घ्यायची तर खिशाला चांगलीच चाट बसते. पण खरं सांगायचं तर आपलं त्यावाचून काही अडत नाही. दिवाळीतला किल्ला ही आपली घरची फॅण्टसीच की! सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, इथवर इतिहास. पण पायथ्याशी वाघ, त्याच्या शेजारी डोक्यावर हंडा घेतलेली गवळण आणि घाटात प्लॅस्टिकची जीप! कुणालाही काही खटकत नाही.

आता किल्ला कुठला? युनेस्कोने जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यात नाशिक जिल्ह्यातला साल्हेरही आहे. रायगड, साल्हेर करणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही चांदवड करा! नाशिकहून धुळ्याच्या दिशेने साधारण ६५ किलोमीटर. डोक्यावर किल्ल्याचा डोंगर, हायवेलगत रेणुकामातेचं देऊळ आणि गावात होळकरांचा रंगमहाल. एके काळी इथे टांकसाळ होती, तिचा 'चांदवडी रुपया' प्रसिद्ध होता. १८१८ मध्ये हा भाग इंग्रजांकडे गेला. म्हणजे तुमच्या किल्ल्यावर एक टांकसाळ हवी, तिच्या दारात पहारेकरी हवा आणि चंदेरी रंग दिलेल्या मण्यांचा ढीगही हवा. पोरं या टांकसाळीवर तुटून पडतील! रंगमहालात कोरीव लाकूडकाम आणि भिंतींवरची चित्रं आहेत. आत जाता आलं तर तिथेच मुलांना विचारा, 'आपल्या मावळ्याच्या अंगरख्याला यातला कुठला रंग द्यायचा?'

काम सोपं आहे. कुंभाराकडून बिनरंगाचे मावळे मागून घ्या. नाही मिळाले तर शाडूचे घरीच करा आणि चांगले वाळू द्या. मावळा बाटलीच्या झाकणावर चिकटवा, म्हणजे धरायला सोपं. आधी सगळीकडे पांढरा हात. तो वाळला की अंगरखा, पागोटं, ढाल यांचे सपाट रंग. मग तपकिरी रंगात भरपूर पाणी घालून तो वरून फिरवा. चुण्यांमध्ये रंग साचतो आणि मावळा एकदम जिवंत दिसायला लागतो! डोळे सगळ्यात शेवटी, उदबत्तीच्या काडीच्या टोकाने. किल्ल्याच्या दगडांसाठी ब्रश जवळजवळ कोरडा करून फिक्का करडा रंग नुसता कडांवरून पुसत न्यायचा.

पण खरी मेख पुढेच आहे. ऑफिसात दिवसभर दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायची सवय आपल्याला लागलेली असते. तीच इथे आडवी येते. 'थांब, मी दाखवतो' म्हणत ब्रश आपल्या हातात कधी येतो, कळतही नाही. रात्री अकराला बाबा एकटेच पागोट्याची किनार रंगवतायत आणि चिरंजीव कार्टून बघतायत, हे चित्र ओळखीचं वाटतंय ना? मुलं याबद्दल तक्रार करत नाहीत, नुसती उठून जातात. आणि एकदा उठून गेलेलं मूल पुढच्या दिवाळीत पुन्हा टेबलाशी बसेलच, याची काय गॅरंटी?

म्हणून यंदा हुद्दे उलटे करा. किल्लेदार मूल, तुम्ही मदतनीस. माती कालवायला आजोबा, अळीव पेरायला आजी, पाणी बदलायला आणि ब्रश धुवायला आई-बाबा. घोडा जांभळा करायचा की हिरवा, ते किल्लेदार ठरवेल. मावळ्याची मिशी कानापर्यंत गेली तरी पुसायची नाही. काही विचारलं तरच सांगायचं.

दिवाळी झाली की किल्ला मोडेल, पण मावळे बुटांच्या खोक्यात कापसात ठेवा. प्रत्येकाच्या पायाखाली साल लिहा. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारी नवे उभे राहतील आणि मिश्या हळूहळू सरळ होत जातील. सगळ्या सरळ झाल्या की समजायचं, पोर मोठं झालं. तेव्हा त्या खोक्यातला सगळ्यात वाकड्या मिशीचा मावळा शोधून ऑफिसच्या टेबलावर आणून ठेवा!